शाळा बंद पाडण्याची सोपी रीत

गावातली नगरपालिकेची शाळा बंद पाडायची असेल तर मोर्चा-निवेदनांच्या भानगडीत पडू नका. जूनमध्ये आपल्या पोराला टाय बांधून पिवळ्या बसमध्ये बसवा, एवढं पुरे. तिकडच्या बाई डी.एड. आहेत की नुसत्या बारावी पास, हे विचारू नका. फी भरताना असले प्रश्न शोभत नाहीत. पोरगं ‘गुड मॉर्निंग अंकल’ म्हणालं की गुणवत्ता सिद्ध.

पुढचं सरकार बघून घेतं. ३० सप्टेंबरचा पट धरून संचमान्यता होते, म्हणजे शाळेला शिक्षक किती ते ठरतं. २००९ चा शिक्षणहक्क कायदा प्राथमिकला ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक द्या म्हणतो. मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने २० पर्यंतच्या पटाला नियमित शिक्षक एकच ठेवला, दुसऱ्या जागी निवृत्तांची सोय केली. निवृत्त मिळाले नाहीत तर गुरुजी एकटेच. मग पहिली ते चौथी एका खोलीत. फळ्यावर चौथीचा भागाकार अर्धवट, पहिलीतलं एक पोरगं करंगळी वर करून उभं, आणि गुरुजी खिडकीशी मोबाईल धरून रेंज शोधतायत, कारण आज खिचडी किती जणांनी खाल्ली ते भरायचंय. शिवाय मतदारयादी आहेच. निवडणूक, जनगणना आणि आपत्ती एवढी कामं कायद्याच्या कलम २७ मध्ये बसतात. बाकीची आपण बसवतो.

नेमकं अशा वेळी शाळेत जा आणि चौथीच्या पोराला तोच भागाकार घाला. अडेलच. मग चौकात सांगत सुटा, ‘पगार बघा आणि पोरांना येतं काय ते बघा!’ ऐकणाऱ्यांतले दोघे-तिघे पुढच्या वर्षी दाखला काढतात.

पट फुगवायचा जुना उपाय मात्र गुरुजींना सुचवू नका. ऑक्टोबर २०११ च्या पटपडताळणीत पोरांच्या बोटाला शाई लावून मोजणी झाली, तेव्हा कागदावरची लाखो पोरं शाई लावून घ्यायला आलीच नाहीत.

पट विशीच्या आत आला की शाळा दुसरीकडे विलीन करायची कुजबुज सुरू होते. २०२३ मध्ये छोट्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढायचे प्रस्ताव मागवलेच होते. आता तुम्ही पुढे व्हा. ‘मराठी शाळा वाचलीच पाहिजे’ असा फलक धरा, फाटकाला कुलूप ठोका, डोळे ओले ठेवा. एखाद्या आगाऊ पत्रकाराने ‘तुमची मुलं कुठं शिकतात?’ विचारलंच, तर ‘हा राजकारण करायचा विषय नाही’ म्हणा आणि माईक नगराध्यक्षांकडे सरकवा. त्यांची पुण्यात असतात.