वाचनालय सुखरूप बंद कसं पाडावं

सर्वप्रथम तुमचं अभिनंदन. गावच्या वाचनालयाच्या कार्यकारी मंडळावर तुम्ही निवडून आलात, आणि तेही गेल्या अकरा वर्षांत एकदाही पुस्तक न बदलता. असे निःपक्षपाती उमेदवार हल्ली मिळत नाहीत. पुस्तकांची आवड असलेला माणूस मंडळावर आला की कपाटं उघडायला लागतो, या कादंबरीचा दुसरा भाग कुठे गेला असं भर सभेत विचारतो, आणि सगळ्यांचा चहा निवतो. तुमच्याकडून तसला त्रास होणार नाही याची मला खात्री आहे. तरी नवखे आहात. सत्तावीस वर्षं कार्यवाहपद सांभाळलेल्या माणसाचे चार शब्द कानावर असू द्या.

घाई करू नका. वाचनालय एका दिवसात बंद पाडलं तर बोभाटा होतो. तीस वर्षांत ज्यांनी पायरी चढलेली नाही ते ‘ज्ञानमंदिर वाचवा’ म्हणत मेणबत्त्या घेऊन दारात उभे राहतात, स्थानिक पेपरात फोटो येतो. आपल्याला वाचनालय चालू ठेवून बंद पाडायचंय. पाटी राहिली पाहिजे, अनुदान आलं पाहिजे, वार्षिक सभेत बटाटेवडा झाला पाहिजे. फक्त पुस्तक आणि माणूस यांची गाठ पडता कामा नये.

इतिहास मात्र तोंडपाठ हवा. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८चं, नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४०चं, पुण्याचं नगर वाचन मंदिर १८४८चं, ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३चं. ही सनं म्हणताना गळा थोडा दाटून आला तर उत्तम. जुन्यांपैकी काहींचं मूळ नाव ‘नेटिव्ह जनरल लायब्ररी’ होतं आणि त्यांच्या उभारणीत गोऱ्या साहेबांचाही हात होता, हे सांगायचं की गाळायचं ते प्रमुख पाहुणे कोण आहेत ते पाहून ठरवा. आपलंही वाचनालय सव्वाशे वर्षांचं. शताब्दीला आपण स्मरणिका काढली होती. तिच्यात बावन्न पानं जाहिराती आणि चार पानं इतिहास. प्रती अजून माळ्यावर आहेत. सगळ्या.

ठाण्याचं नाव घेतलंत तर तिथेच थांबा. त्यांनी जुनी दुर्मिळ पुस्तकं स्कॅन करून इंटरनेटवर वाचायला ठेवली. म्हणजे कुणीही यावं, फुकट वाचावं, ना अनामत ना वर्गणी! असली उदाहरणं सभासदांच्या कानावर गेली की त्यांच्या अपेक्षा वाढतात. आपणही स्कॅनर घेतलाय. आमदारांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं, तेव्हा खोक्याची वरची बाजू तेवढी उघडली होती. आतला थर्माकोल शाबूत आहे.

आता मुख्य विषय, म्हणजे कपाट.

ग्रंथालयशास्त्र शिकलेलं एखादं पोरगं तुम्हाला रंगनाथनांचं नाव ऐकवील. हे गृहस्थ मद्रासला गणित शिकवायचे, १९२४ साली तिथल्या विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि १९३१ साली त्यांनी ग्रंथालयाची पाच सूत्रं मांडली. पहिलंच सूत्र असं की ग्रंथ उपयोगासाठी असतात. आता विचार करा, एवढी बाळबोध गोष्ट सूत्र म्हणून लिहून ठेवायची पाळी येते, त्याअर्थी आपल्यासारखी मंडळं सगळीकडेच असणार. मध्ययुगात युरोपातल्या ग्रंथालयांत पुस्तकं साखळीने फळीला बांधून ठेवत. पण साखळीतलं पुस्तक उभ्या उभ्या का होईना, वाचता तरी येई. आपण पुढे गेलो. आपलं कपाट काचेचं आहे आणि त्याला कुलूप आहे. पुस्तक दिसतं, त्याचं नाव वाचता येतं, लांबून नमस्कारही करता येतो. किल्ली कार्यवाहांकडे, म्हणजे माझ्याकडे, आणि मी दिवाळी ते होळी मुलाकडे पुण्याला. एवढं करूनही वाचक आलाच, तर त्याने पुस्तकाचा दाखल क्रमांक चिठ्ठीवर लिहून द्यायचा. दाखल क्रमांक यादीत असतो. यादी कपाटात असते.

पुस्तकं रद्दबातल करायच्या भानगडीत पडू नका. वाळवीने अर्धी खाल्लेली असली तरी मोजताना ते एक पुस्तकच भरतं. १९६७ साली राज्याचा ग्रंथालय कायदा झाला, अनुदान आलं, अनुदानापाठोपाठ अ, ब, क, ड असे वर्ग आले, आणि वर्ग टिकवायला ग्रंथसंख्या लागते. तेव्हा आपल्या दृष्टीने पुस्तक म्हणजे खानेसुमारीतलं डोकं. २०१२ साली महसूल खात्याची माणसं राज्यभर वाचनालयांची पडताळणी करत फिरली, तेव्हा काही वाचनालयं नुसती कागदावर सापडली. आपलं तसं नव्हतं. आपलं वाचनालय जमिनीवर होतं, त्याला भिंती होत्या, आणि त्या पंधरवड्यात आपण खुर्च्यासुद्धा पुसल्या होत्या.

खरेदी मार्चच्या शेवटच्या आठवड्यात करावी. निवड समिती नेमावी, पण तिला बोलावू नये. यादी विक्रेता स्वतः घेऊन येतो. तो बिचारा इतका अनुभवी आहे की आपल्याला काय वाचायचं नाही ते त्याला आपल्याआधी कळतं. तीस दिवसांत इंग्रजी, वास्तुदोष निवारण, श्रीमंतीची सात रहस्यं, एकाच थोर पुरुषाची बत्तीस पानी सहा चरित्रं. सवलत जितकी जास्त तितकं पुस्तक चांगलं, हा हिशेब लेखापरीक्षकालाही पटतो. कवितासंग्रह घेऊ नका. ते कवी स्वतःच आणून देतात, सही करून.

दिवाळी अंकांच्या बाबतीत मात्र सावध राहा, कारण वर्षभरात तेवढ्याच दिवसांत वाचनालयात धोकादायक गर्दी होते. १९०९ साली ‘मनोरंजन’ने दिवाळी अंक काढला आणि ही खोड महाराष्ट्राला लागली, ती अजून सुटलेली नाही. एका अंकाच्या पैशांत पन्नास अंक वाचायला मिळतात म्हटल्यावर चांगली शिकली-सवरलेली माणसं रांगेत भांडतात. त्यावर तोड सोपी आहे. अंक आले की आधी मंडळाच्या सदस्यांच्या घरी जाऊ द्यावेत. अवलोकनार्थ. तिथून ते व्याह्यांकडे जातात. सभासदाच्या हातात पडेपर्यंत शिमगा आलेला असतो, शब्दकोडं सुटलेलं असतं आणि राशिभविष्याचं पान कुणीतरी जपून फाडून नेलेलं असतं.

२७ फेब्रुवारीला ग्रंथदिंडी काढा, त्यात कसूर नको. लेझीमपथक शाळेतून मिळतं, फेटे भाड्याने मिळतात, पालखी विठ्ठल मंदिराची आहेच. पालखीत मोठ्या आकाराचं, चांगल्या बांधणीचं पुस्तक ठेवा. पालखीतलं पुस्तक उघडत नाहीत, हा पालखीचा सर्वांत मोठा गुण आहे. आणि ३ ऑक्टोबर २०२४ला केंद्राने मराठीला अभिजात दर्जा दिल्यापासून तर आपली मोठीच काळजी मिटली. अभिजात वस्तू वापरायची नसते, जपायची असते. घरात आजीचा शालू असतो ना, तसं.

ग्रंथपालबाईंकडे लक्ष ठेवा. गवंड्याच्या हाताखालची बाई एका दिवसाला जेवढं घेते तेवढं मानधन आपण त्यांना तीन दिवसांचं देतो, तरी त्या बावीस वर्षं टिकल्या. माझ्या अनुभवात हे संशयास्पद आहे. त्यांना कोणत्या सभासदाच्या सासूला काय आवडतं ते ठाऊक असतं. पगारवाढीचा विषय निघाला की त्यांना ‘सेवाव्रती’ म्हणावं आणि शाल द्यावी. आतापर्यंत पाच शाली झाल्या आहेत, आणि आपल्या गावात थंडी पडत नाही.

कुणी विचारलं, वाचक का घटले? तर ‘मोबाइल’ म्हणायचं आणि गप्प बसायचं. हे उत्तर फार जुनं आहे, त्यातला एक शब्द तेवढा बदलत असतो. मी मंडळावर आलो तेव्हा तिथे ‘केबल’ हा शब्द होता. माझ्या आधीचे कार्यवाह ‘दूरदर्शन’ म्हणायचे. १९७२ साली मुंबईला ते सुरू झालं आणि त्यांना मोठा आधार मिळाला. त्यांच्या आधीच्यांनी सिनेमावर भागवलं. त्याही आधी कादंबऱ्यांनी पोरी बिघडतात असं म्हणणारे होते, पण त्या काळात निदान बिघडण्याइतक्या कादंबऱ्या लोकांच्या हाती लागत होत्या.

राहता राहिली अभ्यासिका. ही आपली सर्वांत यशस्वी योजना. बालविभागाच्या जागी प्लायवुडचे चाळीस खण केले, प्रत्येकात दिवा आणि चार्जिंगचा प्लग. स्पर्धा परीक्षेची मुलं सकाळी सातला येतात, रात्री दहाला जातात. पुस्तकं स्वतःची, पाण्याची बाटली स्वतःची, डबाही स्वतःचा. वाचनालयात माणसं खच्चून भरलेली आणि वाचनालयाच्या पुस्तकाला हात नाही! सत्तावीस वर्षांच्या तपश्चर्येचं फळ म्हणून मी तिकडे बोट दाखवायचो.

गेल्या महिन्यात त्यांतली एक मुलगी टेबलाशी आली. एसटीने रोज बावीस किलोमीटर येते.

“काका, त्या कपाटातलं एक पुस्तक घेऊ का?”

“परीक्षेला आहे का ते?”

“नाही.”

“मग कशाला?”

“नुसतं वाचायचंय.”

नुसतं! या शब्दावर आपल्या नियमावलीत तरतूद नाही. मी किल्ली घरी असल्याचं सांगितलं, आणि ती खरोखरच घरी होती. चार दिवसांनी जिन्याच्या पायरीवर ती ते पुस्तक वाचत बसलेली दिसली. मी तडक कपाटाशी गेलो. कुलूप जागेवर होतं. जरा ओढलं तर हातात आलं. ते नुसतं अडकवलेलं होतं, आतली स्प्रिंग केव्हाच गेली होती. ग्रंथपालबाईंना विचारलं, हे कधीपासून? त्या म्हणाल्या, “मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल.”

त्यांच्या खणात मला एक दोनशे पानी वही सापडली. आपल्या छापील नोंदवहीत गेली कित्येक वर्षं जेमतेम पाच-सहा नावं असतात, तसली ही वही नव्हती. तारीख, नाव, पुस्तक, नेलं, आणलं. अक्षर बाईंचं. रिक्षावाल्याचं नाव होतं, नर्सचं होतं, माझ्या स्वतःच्या सुनेचं चौदा वेळा होतं. वही संपत आली होती.

तेव्हा येत्या सभेत पहिला ठराव नव्या कुलपाचा. तुम्ही मांडा, मी अनुमोदन देतो. कुलूप सात लिव्हरचं घ्या, आणि तीन कोटेशनं मागवायला विसरू नका.