पाणी किती दिवसांनी येतं?

गेल्या दोन वर्षांत भाच्यासाठी सतरा घरचे पोहे खाल्ले. अठराव्या घरी उपमा होता, तेवढाच बदल.

भाचा एकतीसचा. डिप्लोमा झालाय. अक्कलकोट रोडला एमआयडीसीत दाजींचा टॉवेलचा कारखाना आहे, बारा माग. दाजींची शुगर वाढल्यापासून तो हाच बघतो. सुताचा भाव, कामगारांची उचल, व्यापाऱ्याकडं अडकलेले पैसे, सगळं ह्याच्या डोक्यावर. घर स्वतःचं. व्यसन नाही. मावा पण नाही, आणि सोलापुरात ही काय साधी गोष्ट नाही बरं का. महिन्याला सुटतात ते पैसे पुण्यात नव्यानं लागलेल्या इंजिनिअरच्या पगारापेक्षा कमी नाहीत.

तरी फोनवर पहिला प्रश्न ठरलेला. "मुलगा पुण्यात असतो ना?"

नाही, सोलापुरात असतो म्हटलं की पलीकडून येतं, "अच्छा, सोलापुरातच." तो 'च' ऐकून ऐकून माझे कान किटलेत. जणू पोरगं कुठं अडकून पडलंय. त्यानंतर पत्रिका बघून कळवतो म्हणतात. कळवत कुणी नाही.

एका मध्यस्थानं तर मला सरळ सल्ला दिला. "मामा, पोराला दोन वर्षं पुण्याला पाठवा. काय पण करू दे तिथं. बायोडेटात पुणे लागलं पाहिजे. लग्न झालं की आणा परत." मी हसण्यावारी नेलं, पण आमच्या गल्लीतल्या एकानं हे खरंच केलं. चालतं दुकान भावाच्या हवाली करून वाकडला तिघांत एक खोली घेतली, कुठल्यातरी ऑफिसात चिकटला, लग्न जमलं आणि सहा महिन्यांत जोडीनं परत आला. ती बिचारी आता माहेरी गेली की आठ-आठ दिवस येत नाही. तिचं काय चुकलं?

इथवर वाचून काही जण कमेंटमध्ये लिहायच्या तयारीत असतील की हल्लीच्या पोरींच्या अपेक्षाच लई वाढल्यात. थांबा थोडं. आधी माझं ऐका.

चार वर्षांपूर्वी माझ्या लेकीचा बायोडेटा मीच टाईप केला होता. खाली 'अपेक्षा' म्हणून रकाना असतो. त्यात लिहिलं : उच्चशिक्षित, पुणे किंवा मुंबई, स्वतःचा फ्लॅट असल्यास प्राधान्य. ही ओळ लेकीनं सांगितलेली नव्हती. मी तिला विचारलंही नव्हतं. समाजाच्या ग्रुपवर शे-दीडशे बायोडेटे बघितले, सगळ्यांत तीच ओळ, म्हणून आपण पण टाकली. आपली मुलगी काय कमी आहे का, असं वाटलं. त्या काळात सोलापूरचीच दोन स्थळं आली होती. एक औषधाच्या दुकानाचं, एक शिक्षकाचं. दोघांनाही मी मेसेज केला, पत्रिका जुळत नाही. पत्रिका मी उघडूनसुद्धा बघितली नव्हती.

आज माझ्या भाच्याला तोच मेसेज येतो. शब्द न् शब्द तोच. देव बघत असतो म्हणतात ते असं.

लेकीचं लग्न पुण्यातच झालं. मुलगा चांगला आहे, माणसं चांगली आहेत. हुंडा मागितला नाही, दिला नाही, हे आम्ही दोन्हीकडचे छाती फुगवून सांगतो. १९६१ चा हुंडाबंदीचा कायदा आमच्यापुरता आम्ही पाळला. पण व्याही मूळचे इथलेच. जुळे सोलापुरात त्यांचा एक प्लॉट होता, म्हातारपणी दोन खोल्या बांधू म्हणून ठेवलेला. लग्नाच्या आधी वर्षभर तो विकला आणि पोराच्या फ्लॅटचं बुकिंग भरलं. का? माझ्यासारख्या बापांनी ती एक ओळ लिहून ठेवली होती म्हणून. पैसा माझ्या घरात आला नाही, म्हणून त्याला कुणी हुंडा म्हणत नाही इतकंच. उरलेल्या कर्जाचा हप्ता वीस वर्षं आहे. विहीणबाई वर्षातले सहा महिने नातवाला सांभाळायला तिकडं, व्याही इकडं डबा लावून. परवा चौपाडात भेटले, हातात अर्धा डझन केळी. "एकट्याला डझन लागत नाही," म्हणाले.

आणि हे काय आजचंच आहे असं नाही. माझे आजोबा तेलंगणातून इथं आले ते गिरणीच्या भोंग्यामागं. तेव्हा हे गाव लोकांना ओढून घेत होतं. तेलुगू, कन्नड, मराठी, उर्दू, सगळी इथं येऊन एका खात्यात मागावर उभी राहिली, म्हणून तर आजही आपण एका वाक्यात तीन भाषा बोलतो. त्या काळी पोरीचा बाप एकच विचारायचा, "मुलगा गिरणीत परमनंट आहे का?" गावाकडं वीस एकर रान असलेला पोरगा मागं पडायचा आणि गिरणीतला बदली कामगारसुद्धा भाव खाऊन जायचा. आजीच्या तोंडून ऐकलंय हे. मग एकेक भोंगा बंद झाला. नव्वदच्या दशकात लक्ष्मी-विष्णू मिलही गेली, आणि ज्या घरांनी 'परमनंट' बघून पोरी दिल्या होत्या त्या घरांतल्या पोरी विड्या वळायला बसल्या. आमच्या पूर्व भागात कुणालाही विचारा. त्या वेळी जावयाला कुणी शिव्या दिल्या नाहीत, नशिबाला दिल्या. नोकरी आज आहे उद्या नाही, हे या गावानं जितकं बघितलंय तितकं फार कमी गावांनी बघितलं असेल. तरी प्रश्न तोच. गिरणीच्या जागी हिंजवडी आली.

डिसेंबर २०२२ मध्ये आपल्याकडं नवरदेवांचा मोर्चा निघाला होता, आठवतोय? बाशिंग बांधून, घोड्यावर बसून, वाजतगाजत पोरं कलेक्टर कचेरीवर गेली होती. टीव्हीवाल्यांनी देशभर दाखवलं, आपण सगळे हसलो. मी पण फॉरवर्ड केला होता तो व्हिडिओ. मागणी काय होती ती फार थोड्यांनी वाचली. गर्भलिंगनिदान रोखायचा कायदा नीट राबवा, ही मागणी होती. कायदा १९९४ चा. २००१ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागं ९१३ मुली होत्या. ती पिढी आता पंचविशी-तिशीत आहे, बाशिंग बांधायच्या वयाची. २०११ ला आकडा आणखी खाली, ८९४. म्हणजे अजून पुढचे घोडे यायचेत. ज्या पोरी आपण येऊच दिल्या नाहीत त्यांचा हिशोब, जन्मलेल्या पोरींनी नखरे केले म्हणून मांडायचा, हे मला तरी पटत नाही.

आता अठराव्या घराचं सांगतो. उपमावाल्या.

बार्शीची मुलगी. एमएस्सी, ज्युनिअर कॉलेजला शिकवते. घर नीटनेटकं, बोलणंचालणं मोकळं. वडिलांनी 'पुण्यात का नाही' विचारलं नाही, तिथंच मी अर्धा जिंकलो होतो. अक्का तर मनात साडी घेऊन मोकळी झाली होती. मग रिवाजाप्रमाणं तिला म्हटलं, तुला काही विचारायचं असेल तर विचार. सहसा मुली मान हलवतात, नाहीतर 'छंद काय' विचारतात. हिनं बशी खाली ठेवली आणि भाच्याकडं बघून विचारलं,

"तुमच्याकडं पाणी किती दिवसांनी येतं?"

भाचा खरं बोलणारा. म्हणाला, "पाच दिवसांनी. उन्हाळ्यात सहा."

"वेळ?"

"नक्की नसते. रात्री दोनला पण येतं कधी."

"मग उठून भरतं कोण?"

आता काय सांगायचं? दाजी पंख्याकडं बघायला लागले. अक्का बशीतली शेव मोजत होती. मी मधे तोंड घालणार होतो की आता नवीन पाईपलाईन, लवकरच रोज पाणी वगैरे. तेवढ्यात भाचा म्हणाला, "आई."

ती काहीच बोलली नाही. "हं" एवढंच. चार दिवसांनी नकार आला, आणि पहिल्यांदाच कुणी पत्रिकेचं कारण दिलं नाही. तिच्या वडिलांनी फोन करून सांगितलं, "ती म्हणते मुलगा खरा आहे, पण मला तिथली पुढची आई व्हायचं नाही."

परतीच्या वाटेवर गाडीत मी लई तणतणलो. एवढं शिकून पाण्याचं विचारते म्हणून. घरी आलो. त्या रात्री आमच्या भागात पाणी होतं. अडीचला मोटरचा आवाज झाला, बायको उठली. दोन बॅरल, टाकी, हंडे, कळशी, पिण्याचं वेगळं, वरच्या टाकीचा कॉक फिरवायला गच्चीवर. मी पडल्या पडल्या ऐकत होतो. लग्नाला एकतीस वर्षं झाली. ह्या एकतीस वर्षांत रात्रीचं पाणी मी किती वेळा भरलं असेल? ती बाळंतपणाला गेली तेव्हा. आणि कोरोनात एकदा.

उजनी धरण आपल्याच जिल्ह्यात, ११७ टीएमसीचं. विमानतळासाठी साखर कारखान्याची चिमणी २०२३ ला पाडली, २०२५ ला गोव्याला विमान उडालं. मी पण पेढे वाटणाऱ्यांत होतो. पण साडेनऊ लाखांच्या गावाला, तेही २०११ चा आकडा, नळाची वेळ सांगता येत नाही. आणि त्याची किंमत गावातल्या बायका झोपेत मोजतात. पोरींना पुणं हवंय म्हणजे मॉल हवाय, असं आपण धरून चालतो. असेल, कुणाला मॉल पण हवा असेल. पण सासूसमोर गाऊन घालता येतो का, रात्री आठला एकटीनं रिक्षानं घरी येता येतं का, नोकरी सोडावी लागेल का, रात्री दोनला कोण उठणार, हे प्रश्न घरात बसून विचारता येत नाहीत. म्हणून त्या सगळ्यांना मिळून एकच शब्द वापरतात, पुणे. ह्या पोरीनं फोड करून विचारलं एवढंच. (लेकीच्या सोसायटीत टँकर येतो, हे मी मुद्दाम तिला फोनवर ऐकवलं. ती म्हणाली, "बाबा, पण टँकर आला की हे उठतात.")

सकाळी पुण्याच्या हुतात्मा एक्सप्रेसला सोडायला स्टेशनवर गेलं की दिसतं. शेंगाचटणीच्या पिशव्या, कडक भाकरीचे पुडे, आणि बारीक तोंडं केलेले आईबाप. सोलापूरच्या ज्या चार हुतात्म्यांच्या नावानं ती गाडी आहे त्यांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिलं. आता त्यांच्या नावाच्या गाडीत बसून आपली पोरं त्याच गावाला जातात. गाडी सुटली की बाहेर येऊन आपण चहा पितो आणि शेजारच्याला सांगतो, "पोरगं पुण्याला असतंय की." मान ताठ करून. राहिलेल्या पोराबद्दल कधी कुणी असं सांगितलेलं मी ऐकलं नाही. मी स्वतः सांगितलेलं नाही.

भाचा मात्र बार्शीहून आल्यापासून रात्री उठायला लागलाय. पहिल्या दिवशी अक्कानं त्याच्या हातातली कळशी ओढून घेतली. "शेजारचे बघतील, पोराला पाणी भरायला लावते म्हणतील." तो म्हणाला, "बघू दे की." दुसऱ्या खेपेला अक्का नुसती दारात उभी राहिली. तिसऱ्या खेपेला झोपली. पाठदुखीची गोळी त्या आठवड्यात घेतली नाही म्हणे.

गेल्या रविवारी तो माझ्याकडं आला. "मामा, बायोडेटात एक ओळ घाला. पाणी मुलगा स्वतः भरतो." मला वाटलं थट्टा करतोय. नव्हता करत. अक्का म्हणाली, ग्रुपवर हसं होईल. दाजी म्हणाले, निदान शुद्धलेखन तपासून टाका.

टाकलीय. 'अपेक्षा'चा रकाना ह्या वेळी कोरा ठेवलाय. कालपासून तीन फोन आले, त्यातले दोन चेष्टा करायला. तिसरा एका मुलीच्या आईचा होता. तिनं पुण्याचं काही विचारलं नाही. विचारलं, "पिण्याचं पण तोच भरतो का?"

हो म्हणून सांगितलंय. शनिवारी जायचंय.