नादारी म्हणजे कर्जमाफी नव्हे

‘न्यायालयात नादारीचा अर्ज करा, सगळी कर्जे त्याच दिवशी संपतात, घर आणि गाडी सुरक्षित राहते, सिबिल नव्याने सुरू होते,’ असा संदेश गोव्यातील डिचोली-सत्तरीकडच्या व्हॉट्सॲप गटांत फिरत आहे. नादारी म्हणजे कर्ज फेडण्यास माणूस असमर्थ असल्याचे न्यायालयाने जाहीर करणे, आणि सिबिल म्हणजे कर्जफेडीच्या नोंदींवरून ठरणारी पत. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर खाणी बंद पडल्या आणि ज्यांच्या ट्रकांचे हप्ते थकले, त्यांच्यापर्यंत तो पोहोचतो, म्हणून त्याला उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

कर्जे त्याच दिवशी संपत नाहीत. २०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेतील व्यक्तींविषयीचा भाग १ डिसेंबर २०१९ पासून केवळ कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांना लागू आहे. इतरांसाठी मुंबई, कोलकाता व चेन्नई वगळता सर्वसाधारणपणे १९२० चा प्रांतिक नादारी कायदाच चालतो. त्यानुसार नादार ठरताच माणसाची मालमत्ता न्यायालयाकडे किंवा रिसीव्हरकडे, म्हणजे न्यायालयाने मालमत्ता सांभाळायला नेमलेल्या व्यक्तीकडे, जाते, कर्जमुक्ती मात्र पुढे स्वतंत्र अर्ज करून मागावी लागते आणि ती नाकारण्याचा अधिकार न्यायालयाला असतो. मुक्ती मिळाली तरी सरकारी देणे, फसवणुकीने घेतलेले कर्ज आणि पोटगी यांतून सुटका नाही.

तारण असलेल्या घरावरचा किंवा ट्रकवरचा बँकेचा हक्कही नादारीने जात नाही. शिवाय गोव्यात विवाहानंतर दांपत्याची मालमत्ता सहसा सामाईक असते, तेव्हा पतीच्या नादारीची झळ पत्नीच्या हिश्श्याला कितपत लागेल, हे अर्जाआधीच वकिलाकडून समजून घ्यावे.

संदेशात जामीनदाराचा उल्लेखच नाही, आणि मला सर्वांत अधिक खटकते ते हेच. पतसंस्थेच्या कागदावर सही करणारा बहुधा मेहुणा, शेजारी किंवा बरोबर काम करणारा असतो. कर्जदार मुक्त झाल्याने जामीनदार मुक्त होत नाही, असे १९२० च्या त्या कायद्यातच नमूद आहे, म्हणजे उरलेल्या रकमेची नोटीस त्याच्या दारी जाते.

सिबिलचा दावाही चुकीचा आहे. पतमाहिती कंपन्यांना कर्जाच्या नोंदी किमान ७ वर्षे ठेवाव्या लागतात. मुक्त न झालेल्या नादाराने ही गोष्ट लपवून ५० रुपये किंवा अधिक उधार घेतले, तर ६ महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. ही रक्कम १९२० सालची आहे, पण शिक्षा खरी आहे.

हप्ते थकण्याआधी बँकेकडे मुदतवाढ मागणे हा नादारीपेक्षा बरा मार्ग आहे, आणि एकरकमी तडजोड झालीच, तर जामीनदारही मोकळा झाल्याचे पत्रात लिहून घ्यावे.