त्या डब्याबद्दल जरा खुलासा

दांडिया बाजारातल्या गणपतीच्या कार्यक्रमानंतर बडोद्यातल्या सगळ्या ग्रुपवर तो व्हिडिओ फिरतोय, की लॅपटॉपवाल्या पोराने नुसतं रेकॉर्डिंग लावलं आणि डब्यावरचे नॉब फिरवायचं नाटक केलं. पुरावा काय, तर डब्याची वायर स्पीकरला नाही, लॅपटॉपला जाते, आणि बोट पडल्यावर आवाज किंचित उशिरा येतो. मी साउंडला बसलो होतो म्हणून सांगतो.

अहो, त्या डब्यातून आवाज निघतच नाही! तो नुसते आकडे पाठवतो, मिडी म्हणतात त्याला, १९८३ पासून चालू आहे, कुठला नॉब किती फिरवला ते ० ते १२७ मध्ये, आणि आवाज लॅपटॉप तिथल्या तिथे बनवतो. आता कुठल्या नॉबने काय बदलायचं, मींड की आवाजाचा गडदपणा, हे वाजवणाराच ठरवतो आणि खरी डोकेफोड तिथेच आहे, पेटीच्या पट्ट्या तरी आयत्या मिळतात.

उशिराचं म्हणाल तर ते उलट त्याच्या बाजूने आहे. रेकॉर्डिंग असतं तर आवाज बोटाची वाट कशाला बघेल? लॅपटॉप जुना, चरचर नको म्हणून त्याने बफर, म्हणजे आवाज बाहेर सोडण्याआधी लॅपटॉप जमवतो तो साठा, १०२४ सॅम्पलचा (सॅम्पल म्हणजे आवाजाचा एक बारीक तुकडा) ठेवला होता, म्हणजे सेकंदाला ४४,१०० सॅम्पलच्या रेटला साधारण २३ मिलिसेकंद तिथेच गेले, २५६ ठेवला असता तर सहाच्या आत.

तानपुरा मात्र रेकॉर्डेड होता, ते खरंय.