म्हाताऱ्या रायडरचा आदर कसा करावा

रविवारी सकाळी सहाला कोल्हापुरात फुलेवाडी नाक्यावर जमून गगनबावड्याला निघणाऱ्या सगळ्या भावांसाठी हे लिहायला बसलोय. हेल्मेटवर कॅमेरा, गुडघ्यावर गार्ड, जॅकेटच्या पाठीवर वाघ नाहीतर कवटी. ओळखलं ना स्वतःला? वाटेत तुम्हाला माझ्यासारखा एखादा म्हातारा भेटतो. वय ६३, अंगावर रेनकोट, खाली येझदी. त्याचं नेमकं काय करायचं हे तुम्हाला कुणी शिकवलेलं नसावं, असा माझा समज होता. मागच्या रविवारी तो फिटला. तुम्हाला सगळं येतं. तरी यंदा नव्यानं गाडी घेतलेल्या पोरांची अडचण नको, म्हणून चार गोष्टी सांगून ठेवतो.

सुरुवात ‘अंकल’पासून करा. काका, मामा, आण्णा, आबा ही नाती आपल्याकडं फार वापरून झालीत. शिवाय त्यात एक धोका आहे. आबा म्हटलं की माणूस थोडा आपला होतो, आणि आपल्या माणसाची गाडी बंद पडली तर खाली उतरावं लागतं. अंकलचं तसलं काही लागत नाही.

मग गाडीची चौकशी करा. दाभोळकर कॉर्नरच्या सिग्नलला तो शेजारी थांबला की पहिला प्रश्न अ‍ॅव्हरेजचा. दुसरा, ‘कागद क्लिअर हैत का?’ आणि हिरवा पडता पडता तिसरा, ‘देणार काय?’ माझी येझदी रोडकिंग १९८६ची आहे. मी ती घेतली तेव्हा तुमचे वडील हाफ चड्डीत होते. म्हैसूरचा कारखाना १९९६ला बंद पडला, तेव्हापासून मिळेल तो पार्ट जपून ठेवतो आणि मिळत नाही तो उद्यमनगरात लेथवर घासून घेतो. एवढ्यावर ती चाळीस वर्षं चाललीय. पण तुम्ही विचारा. दर सिग्नलला विचारा. एखाद्या सिग्नलला मी नक्की कंटाळून चावी हातात देईन.

आरसे काढून टाका. मागं म्हातारेच असतात.

सायलेन्सरची पुंगळी काढलेली असेल तर म्हाताऱ्याच्या बरोबर कानाशी येऊन थ्रॉटल पिळा. सीपीआर दवाखान्यासमोर पिळलात तर आणखी पुण्य. इथं मला फार बोलता यायचं नाही. आमची टू-स्ट्रोक काही मुकी नव्हती. मंगळवार पेठेतल्या आमच्या बोळात मी रात्री आलो की वरच्या मजल्यावरच्या आजी खिडकी आपटून लावायच्या. पण ती गाडी तशीच जन्मली होती हो. चांगली मुकाट गाडी घ्यायची, वर हजारो रुपये घालून तिला खोकला लावायचा, आणि पोलिसांनी धरून रोडरोलर फिरवला की पुन्हा तसलाच सायलेन्सर आणायचा, ही कला आमच्याकडं नव्हती. पैसेही नव्हते म्हणा.

म्हाताऱ्यानं समोरून येताना हाताची उघडझाप केली तर फिदीफिदी हसा. तो सांगत असतो, बाळ, दिवसाढवळ्या तुझा दिवा चालू राहिलाय. त्याला माहीत नसतं की एप्रिल २०१७पासून नव्या गाड्यांचा दिवा बंदच होत नाही, तसा नियम आहे. मलाही हे माझ्या पुतणीनं सांगितलं. तोवर मी सात-आठ वर्षं अर्ध्या जिल्ह्याला हात करत हिंडत होतो. एकाही बाबानं थांबून सांगितलं नाही. सगळ्यांनी उलट हात केला आणि मला वाटायचं, पोरं काय गुणी आहेत, आभार मानतात.

सेफ्टीवर दोन शब्द ऐकवा. ह्यात तुमची बाजू खरी आहे, ती मी मान खाली घालून ऐकेन. आम्ही डोक्याला मफलर गुंडाळून तिघं-तिघं जोतिबाला गेलोय. हेल्मेटसक्ती नको म्हणून ओरडायलाही मी होतो. एका रात्री एका दोस्ताला मिरजेला दवाखान्यात पोचवला, तो परत आला नाही. दुसऱ्या दिवशी जाऊन हेल्मेट घेतलं. तेव्हा जॅकेट, ग्लोव्हज, बूट यांवरून तुमची चेष्टा मी करणार नाही. फक्त हे प्रवचन देताना रंकाळ्याच्या कडेनं पुढचं चाक उचललेलं असू नये, एवढीच विनंती.

आमची तपासणी तशी चालूच असते. चाळिशी ओलांडली की लायसन्स पुढं चालू ठेवायला डॉक्टरचा कागद लागतो, नमुना १-अ. लांबचं दिसतं का, रंग ओळखता का, ऐकू येतं का, सगळं बघतात. मी पास झालो. तुमची पंचविशीतली नजर काय, तपासायचं कारणच नाही. पण रस्त्याच्या कडेला गाडी आडवी लावून, पावसात हात काळे करून बसलेला माणूस तुम्हाला नक्की दिसतो काय, हे कुणीतरी एकदा बघायला हवं.

म्हणजे दिसतो. दिसतो तर. त्याचंच सांगतोय.

साळवणच्या पुढं, चढाला, माझी गाडी फडफड करून गप झाली. आधी संशय पेट्रोलवर गेला. आता त्यात वीस टक्के इथेनॉल असतं आणि जुन्या कार्बोरेटरची रबरं त्यानं खराब होतात. ऊस आपलाच, कारखाने आपलेच, तक्रार कुणाकडं करणार? पण दुखणं साधं होतं. टू-स्ट्रोकच्या पेट्रोलात ऑइल मिसळावं लागतं. ते जरा जास्त पडलं की प्लगच्या फटीत काजळी धरते आणि ठिणगी पडत नाही. प्लग काढायचा, काचपेपरनं घासायचा, लावायचा. पाच मिनिटांचं काम, प्लगपाना असला तर. माझा पाना आदल्या दिवशी काम करून घरी कट्ट्यावरच राहिलेला. चूक माझी. चाळीस वर्षांत पहिल्यांदा, पण माझीच.

तर मी बसलो. आणि तुम्ही आलात. एकूण अकरा गाड्या, मोजल्या मी, दुसरं कामच नव्हतं. एकानं अंगठा दाखवला. एकानं हॉर्नवर ताल धरला. आठ गेल्या. शेवटच्या तीन थांबल्या आणि मला खरोखर बरं वाटलं.

‘अंकल, एक मिनिट. तसंच बसा.’

मला वाटलं, पाना काढतोय. त्यानं मोबाईल काढला.

मी विचारलं, ‘प्लगपाना आहे काय रे?’

‘नाय ओ अंकल. आमचं सगळं सर्व्हिस सेंटरवालेच बघतात. जरा किक मारून दाखवा की, ती गिअरचीच किक असते ना ह्याला?’

असते. येझदीची गिअरची दांडी आत दाबून वर फिरवली की तीच किक होते. हे बघायला पूर्वीपासून पोरं जमतात. गाडी सुरू होणार नाही हे मला पुरतं ठाऊक होतं. तरी मी उठलो आणि मारली किक. कौतुकाला माणूस ६३व्या वर्षीही भुलतो. ‘अंकल, परत एकदा, हेल्मेट काढून, चेहरा येत नाही.’ परत मारली. पावसात, हेल्मेट काढून. तिसऱ्यांदा त्या बाजूनं. मग त्यातला एक हात छातीवर ठेवून म्हणाला, ‘रिस्पेक्ट, अंकल,’ आणि तिन्ही गाड्या निघाल्या.

खरं सांगायचं तर त्यांच्याकडं पाना असता तरी माझ्या प्लगला बसला नसता. त्यांच्या गाड्यांना बारीक लागतो, मला २१चा. पण असलेला पाना न बसणं वेगळं आणि हा प्रश्नच डोक्यात न येणं वेगळं. ‘कुठं सोडू का?’ नाही. ‘पुढं कुणाला सांगू का?’ नाही. तुम्ही चहाला थांबणार होता गगनबावड्यात, तिथं दहा गॅरेजवाल्यांचे नंबर मिळाले असते. ‘पाणी आहे का आबा?’ एवढं तरी.

पाऊण तासानं बजाजची एक एम-एटी आली. दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या, डोक्यावर युरियाच्या पोत्याची खोळ. तो विचारायच्या आधीच उतरला. ‘काय झालं आबा?’ सीटखालनं सायकलच्या ट्यूबमध्ये गुंडाळलेला पाना काढला. एम-एटीचाच, माझ्या प्लगला बरोबर बसणारा. प्लग त्यानंच काढला, त्यानंच घासला, फट नखानं चाचपून बघितली. गाडी दुसऱ्या किकला लागली. पैसे काढले तर म्हणाला, ‘ठेवा की ओ, दूध नासंल माझं,’ आणि गेला. वय असेल एकवीस-बावीस. म्हणजे ‘आजकालची पोरं’ म्हणून मोकळं व्हायची माझी सोयही त्यानं ठेवली नाही.

आमच्या वेळी बंद गाडी दिसली की थांबायचंच, असं कुठं लिहिलेलं नव्हतं. थांबायचे. आंबा गावाहून मलकापूरपर्यंत एकदा एका राजदूतवाल्यानं माझ्या गाडीला पाय लावून मला रात्री ढकलत आणलं होतं. वाटेत दोनदा पाय बदलला त्यानं. नाव विचारायचं राहून गेलं. फोटो तर काय, रीळ संपलेलाच असायचा.

असो. बुधवारी पुतणी मोबाईल घेऊन आली. ‘काका, हे तुम्ही ना?’

मीच होतो. हळू केलेला. माझ्या चेहऱ्यावरचा पाऊस हळू, किक हळू, तोंड वेडंवाकडं ते फारच हळू. मागं बासरी. वर अक्षरं, ‘ओल्ड इज गोल्ड. वय थकलं, पॅशन नाही.’ खाली जोडलेले हजारभर पिवळे हात. एकानं विचारलेलं, ‘आजोबा कधी गेले?’ त्यावर दुसऱ्यानं लिहिलंय, ‘भावपूर्ण श्रद्धांजली.’ आमच्या हिनं बघितलं आणि म्हणाली, ‘तो रेनकोट टाका म्हणून कधीची सांगतेय.’

तर भावांनो, आदर करायची ही सगळ्यात वरची पायरी. म्हातारा जिवंत असताना, अडकलेला असताना, त्याच्यावर बासरी लावायची.

अरे, लाज कशी वाटत नाही? पॅशन थकली नाही म्हणतोस, प्लग थकला होता रे! तीन वेळा किक मारायला लावलीस, पावसात हेल्मेट उतरवायला लावलंस, आणि वर सेफ्टीचा स्टिकर तुझ्याच टाकीवर. मी थांबलेलो असताना तू थांबलास ते माझ्यासाठी नव्हे, तुझ्या मोबाईलसाठी. तुझ्या बापाची गाडी बंद पडली असती तर त्यालाही हेल्मेट काढायला सांगितलं असतंस? लाखा-दीड लाखाची गाडी, वीस हजारांचं जॅकेट, आणि एक पाना नाही सीटखाली! नसू दे. तोंड तर होतं? विचारायला काय पेट्रोल जळतं? तो दूधवाला दूध नासायची भीती घेऊन थांबला. तुझं काय नासणार होतं?

ती रील काढून टाक. नाहीतर निदान खाली लिही, की काका जिवंत आहेत आणि संध्याकाळी सातला घरी पोचले.

माझ्या सीटखाली आता दोन पाने आहेत. एक माझा, २१चा. दुसरा काल उद्यमनगरातून आणला, १६चा, तुमच्यापैकी बऱ्याच गाड्यांना बसतो. मागायला याल तेव्हा मोबाईल खिशात ठेवून या. आणि अंकल म्हणालात तर देणार नाही.