चाळिशीतला बाप आणि मोबाईलातली विहीर : गुरुजींना उत्तर

गुरुजी, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. पहिल्यांदा दुकानात, समोर जळकी मोटर उघडून बसलो होतो, त्यामुळे नुसता राग आला. दुसऱ्यांदा रात्री घरी. ती बायकोनं मोठ्यानं वाचून दाखवली आणि वाचता वाचता दोन-तीनदा मान डोलावली. म्हणून उत्तराला चार दिवस लागले.

ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मागच्या लेखात मी लिहिलं होतं की, जेवणं आटोपली की आम्ही सगळे मिळून तासभर माइनक्राफ्ट (ठोकळ्यांनी घरं, शेतं रचायचा मोबाईल गेम) खेळतो. दोन फोन, एकाचं हॉटस्पॉट. एकावर मी, दुसऱ्यावर पाचवीतली मुलगी आणि बाजूला खाटेवर माझे वडील, ज्यांना आता सगळं घर आबाजी म्हणतं. त्यावर गुरुजींचं म्हणणं असं की, चाळिशीच्या माणसाला हे पोरखेळ शोभत नाहीत. बापानं मुलीचा अभ्यास घ्यावा, गोष्ट सांगावी. त्यांच्या काळी रात्री सारं घर ओसरीवर बसायचं, आम्ही मात्र स्क्रीनमध्ये डोकं घालतो आणि वर त्याला कुटुंबाचा वेळ म्हणतो. शेवटी एक ओळ अशी की, या सगळ्यावर तुमच्या सौभाग्यवतींचं काय म्हणणं आहे ते लेखात कुठेच दिसत नाही.

हा शेवटचा दगड बरोबर लागला. त्याकडे येतोच, पण आधी ओसरीवर जाऊ.

मोठी माणसं खेळत नव्हती, असं जे तुम्ही गृहीत धरलंय ते मला पटत नाही. माझ्या आजोबांकडे पटाची, म्हणजे शर्यतीच्या बैलांची, जोडी होती. घरात पोरांना कोरा चहा आणि त्या दोन बैलांना दूध, अंडी, तूप. तळेगाव दशासरचा शंकरपट आला की आजोबा वर्धा नदी ओलांडून तुमच्या अमरावती जिल्ह्यात जायचे आणि तीन-चार दिवस घराचं तोंड पाहायचे नाहीत. कापूस वेचायचा राहिला तरी चालेल, पट चुकता कामा नये. मे 2014 मध्ये सुप्रीम कोर्टानं शर्यती बंद केल्या तेव्हा ते ऐंशीच्या घरात होते. घरात कोणी गेल्यासारखे दोन दिवस पडून राहिले. डिसेंबर 2021 मध्ये परवानगी परत आली, पण तोवर तेच नव्हते. आता सांगा, साठी-सत्तरीच्या माणसानं सेकंदाच्या हिशोबावर जीव टाकायचा, हरला तर रात्री जेवायचं नाही, याला काय म्हणायचं? आमच्या गावात त्याला ‘शौक’ म्हणायचे. मी मोबाईलवर खेळलो की त्याला ‘नाद’ म्हणतात. शब्द बदलला की इज्जत बदलते.

पोळ्यानंतर मारुतीच्या पारामागं पत्त्यांचे डाव बसायचे तेही तुम्ही पाहिले असतील. पोलिसांची जीप आली की धोतर सावरत पळणारे सगळे बापे चाळिशीच्या वरचेच होते. चंगाअष्टा, चिंचोके, कवड्या या बायांच्या दुपारच्या खेळांना तर कोणी खेळही म्हणत नव्हतं, कारण सोबत तांदूळ निवडणं चालू असायचं.

आणि मोर्शी तालुक्यातलं रिद्धपूर तुम्हाला मी काय सांगावं. तिथले महानुभाव पंथाचे गोविंदप्रभू थोर वयातही पोरांत पोर होऊन खेळायचे. लोक त्यांना वेडं म्हणायचे आणि मायबापही म्हणायचे. (माझी त्यांच्याशी तुलना नाही. बायको हे वाचणार आहे.)

दुसरं म्हणजे, आम्ही चाळिशीत येऊन पोरांचा खेळ हिसकावलेला नाही. हा आमचाच खेळ आहे. 1997-98 ची गोष्ट असेल. तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल घेऊन घरोघरी फिरायचं, बोजारा (खाऊचे पैसे) गोळा करायचा आणि तो सगळा आर्वीच्या बाजारात एका टपरीवजा दुकानात नेऊन ओतायचा. तिथं टीव्हीला जोडलेला व्हिडिओ गेम होता. कॉन्ट्रा दोघांनी मिळून खेळायचा, म्हणून चुलतभावाला सोबत न्यायचो. नेमकं शेवटच्या राक्षसापाशी पोचलं की लोडशेडिंग. गेम सेव्ह होत नव्हता, पैसे परत मिळत नव्हते. तेव्हाचं ते दहा-बारा वर्षांचं पोट्टं म्हणजे मीच, आज त्याला चष्मा लागलाय एवढंच. तुमच्या पिढीला लहानपणी हे मिळालं नाही, त्यामुळे ते तुम्हाला कायमचं पोरांचंच वाटतं. तुम्ही लहानपणी खेळलेली कबड्डी आज टीव्हीवर लागली की तुम्ही ‘पोरखेळ’ म्हणून चॅनेल बदलत नसाल.

आता जिथं तुम्ही बरोबर आहात तिथं येतो.

2020 च्या जानेवारीत मी पबजी, तो ऑनलाईन गोळीबाराचा गेम, खेळायचो. गव्हाला पाणी चालू होतं आणि आमच्या फिडरला त्या आठवड्यात रात्रीची लाईन होती. मी वावरात, मचाणावर, कानात हेडफोन. जागलीला गेलेला माणूस कान उघडे ठेवतो. डुकरं आली की कळतं, आणि विहिरीचं पाणी तुटलं की मोटरीचा आवाज बदलतो तेही कळतं. मला काही कळलं नाही. आम्ही चौघे शेवटच्या वर्तुळात होतो. डाव जिंकून हेडफोन काढले तेव्हा सगळं शांत होतं आणि जळक्या वार्निशचा वास येत होता. पाच एचपीची मोटर कोरडी चालून बसली होती. गुरुजी, मोटरी भरायचं गावात दुकान माझंच आहे. सकाळी माझीच मोटर माझ्याच दुकानात आली आणि चार शेतकरी बाकावर बसून मी तांब्याची तार कशी काढतो ते पाहत होते. कोणी काही बोललं नाही, तेच जास्त लागलं. त्या सप्टेंबरात सरकारनं पबजीवर बंदी आणली, पण माझी बंदी आधीच झाली होती.

जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 मध्ये गेमच्या आहारी जाण्याला आजारांच्या यादीत घेतलं, 2022 पासून ती यादी लागूही झाली. मी ती व्याख्या वाचली ती या मोटरीमुळेच. हाताबाहेर जाणं, बाकी कामांपेक्षा खेळ मोठा होणं, नुकसान दिसत असूनही चालूच ठेवणं, आणि हे साधारण वर्षभर. त्यात किती तास ते नाही, किती वय तेही नाही. चौदाच्या पोरालाही ती लागते आणि चौसष्टच्या आजोबांनाही. माझं वर्षभर चाललं नाही, मोटर लवकर जळाली म्हणून.

आणि पैशाचे खेळ. याबाबतीत मी तुमच्याहून कडक आहे. आमच्या गावात एकानं सोयाबीन विकून आलेले पैसे रमीच्या ॲपमध्ये घातले. पट्टी हातात पडली त्याच रात्री सुरुवात, तिसऱ्या दिवशी खातं रिकामं. घरच्यांना महिनाभर सांगितलं की व्यापाऱ्याकडून पैसे यायचे आहेत. ऑगस्ट 2025 मध्ये केंद्रानं कायदा करून पैशाचे ऑनलाईन खेळ बंद केले, चांगलं झालं, उशिरा झालं. त्याच्याच आदल्या महिन्यात विधान परिषदेत बसलेल्या कृषिमंत्र्यांच्या मोबाईलवर रमी दिसल्याचा व्हिडिओ राज्यभर फिरला होता. आपण खेळत नव्हतो, असं त्यांनी सांगितलं. महिनाअखेर त्यांच्याकडचं कृषी खातं गेलं आणि क्रीडा खातं आलं. आमच्या चहाच्या टपरीवर यावर जे विनोद झाले ते इथं लिहिण्यासारखे नाहीत. पण तो जुगार आणि हा खेळ एका पोत्यात भरू नका. मी एकदाच पैसे देऊन घेतलेल्या गेममध्ये मुलीसोबत विहीर खोदतो.

विहिरीचंच सांगतो. आबाजींचा सुरुवातीला तुमच्यासारखाच विरोध होता. “घरी नऊ एकर वावर हाय, अन् हा मोबाईलात वखरून राहिला!” असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. एक दिवस मुलीनं गेममध्ये गहू पेरला. त्या खेळात पाणी चार घरांपर्यंतच मुरतं, त्यापलीकडची जमीन कोरडी राहते. तिनं एका कडेनं चर काढला होता. आबाजी चष्मा चढवून बघत होते. म्हणाले, “दांड मधातून काढ ना वं. कडेनं कायले काढला? अर्धं पाणी धुऱ्यालेच चाललं.”

तिनं चर बुजवला, मधून काढला, दोन्हीकडं चार-चार घरं भिजली. त्या दिवसापासून आबाजींची खाट भिंतीपासून सरकून आमच्याकडं आली.

मग एकदा ती दगड फोडत होती. तिथं दगडाचं घर बांधायचं तर आधी दगड फोडावे लागतात, बोट दाबून धरायचं, दगड तडकत जातो. आबाजी बराच वेळ पाहून म्हणाले, “बहात्तरले म्याही फोडले.” ती म्हणाली, कुठं? आणि मग दुष्काळ निघाला. एकोणीस वर्षांचा पोरगा, रस्त्याच्या कामावर खडी, हाताला फोड, रेशनवर मिळणारी लाल मिलो ज्वारी जिची भाकर थापताना तुटायची, आणि सुकडी. खडीचा ढीग मोजायला माणूस यायचा, तो वरून थाप मारून ढीग बसवायचा म्हणजे माप कमी भरेल. मला चाळीस वर्षांत त्यांनी हे सांगितलं नव्हतं. मीही कधी विचारलं नव्हतं, खरं तर. तुम्ही म्हणता गोष्ट सांगा. गोष्ट सांगायला बसवलेला माणूस चिमणीचं मेणाचं घर सांगतो. ही गोष्ट दगड फुटताना दिसला म्हणून निघाली.

आता बायको.

तुमची ओळ वाचून झाल्यावर तिनं फोन खाली ठेवला. म्हणाली, “गुरुजी बरोबरच म्हणून राहिले. पण त्यायले विचारा, त्या ओसरीवर बाई कुठी बसत होती?” मी हसायला लागलो तर म्हणाली, “तुम्ही कायले हसता? तुम्ही काय लिहिलं ते वाचा.” मी वाचलं: ‘जेवणं आटोपली की आम्ही सगळे.’ तिनं बोटावर मोजून दाखवलं. आम्ही गव्हाला पाणी देत असतो तेव्हा ती ताटं उचलते, खरकटं काढते, भांडी घासते, दुधाला विरजण लावते, गाईला ढेप भिजवते, सकाळच्या डब्याची भाजी निवडून ठेवते. ती आठ फुटांवर असते. मी ‘सगळे’ लिहिलं आणि मला ती कमी पडल्याचं जाणवलंसुद्धा नाही. खोटं लिहायचं ठरवलं असतं तर निदान आठवलं तरी असतं.

मी लगेच शहाण्यासारखं म्हणालो, मग तूही बस ना खेळायला, तुला शिकवतो. तिचं उत्तर मला अपेक्षित नव्हतं. तिला आमच्या विहिरीत काडीचा रस नाही. तिचा स्वतःचा खेळ आहे, रंगीत गोळ्या जुळवायचा कँडी क्रश, रात्री साडेदहाला, अंथरुणावर, भिंतीकडं तोंड करून. कितव्या लेव्हलला आहे ते मला सांगितलं नाही. मी समजत होतो ती मेसेज बघते. “दिवसभर मले सगळे काहीतरी विचारत राह्यते,” ती म्हणाली, “त्या गोळ्या काही विचारत नाही.”

म्हणजे माझ्यासाठी खेळ हा घरच्यांसोबतचा वेळ होता आणि तिच्यासाठी घरच्यांपासूनचा. कुटुंबाचा वेळ म्हणून आपण दोघंही जे भांडतोय, गुरुजी, तुम्ही ओसरीच्या बाजूनं आणि मी फोनच्या, त्यात तिला हवा असलेला पाऊण तास कोणाच्याच हिशोबात नाही. माझी आईही जेवणं झाल्यावर एकटीच मागच्या आवारात जाऊन बसायची. आम्हाला वाटायचं हवा खायला.

सध्या इतका बदल झालाय की गाईची ढेप आणि भांडी माझ्याकडं आहेत. भांडी मी वाईट घासतो, कढईच्या कानाखाली तेल राहतं, त्यावरून रोज बोलणी बसतात. गेम त्यानंतर, तोही आता अर्धा तासच होतो. मुलगी कुरकुरते. हे टिकेल की नाही माहीत नाही, कापूस वेचायला आला की सगळंच विस्कटतं. अभ्यासाचं म्हणाल तर तो संध्याकाळी तिची आई घेते आणि माझ्यापेक्षा बरा घेते. तिथं मी नाक खुपसत नाही.

वावरातल्या स्टार्टरला मी आता पाणी तुटलं की मोटर बंद करणारं यंत्र बसवलंय. माझ्यावर भरवसा नाही म्हणून.

एक विनंती. ओसरीवर बाई कुठं बसत होती या प्रश्नाचं उत्तर तुम्ही देऊ नका, असं बायकोचं म्हणणं आहे. ते तुमच्या घरून, काकूंकडून आलेलं तिला वाचायचं आहे. त्यांना टाईप करायचा कंटाळा येत असेल तर बोलून पाठवलं तरी चालेल.