मिठाच्या पुडीवरची तारीख

आमच्या घरी सध्या मिठाची पुडी फोडली की तिच्यावर पेनानं तारीख टाकतात. पाहुणे हसतात. हसू देत.

गेल्या मे महिन्यात अण्णा दुपारी जेवायला बसले आणि त्यांना भाकरी मोडेना. कडक भाकरी नव्हे हो, तव्यावरची मऊ. उजव्या हाताची बोटं नुसती भाकरीवरून घसरत होती. तोंड एका बाजूला ओढलेलं, बोलणं जड. सोलापूरचा मे, त्यामुळे घरात सगळ्यांचं एकच निदान, ऊन लागलं! शेजारच्या काकू लगेच लिंबू-साखर-मिठाचं पाणी घेऊन आल्या. आता आठवलं की काटा येतो. तो लकवा होता, आणि लकव्यात गिळणंही बिघडतं, पाणी श्वासनळीत गेलं असतं तर? यातच पाऊण तास गेला. मेंदूत रक्ताची गुठळी अडकून लकवा झाला असेल तर ती विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देतात. आम्ही कसेबसे त्यात बसलो. हात बराचसा परत आला, सही मात्र अजून वाकडी येते.

जीभ सुटल्यावर अण्णांनी डॉक्टरांना ऐकवलं, "मटण महिन्यातून एकदा. तळकट नाही. वरून मीठ तर कधीच घेत नाही." सगळं खरं होतं. बीपी मात्र १९० च्या वर.

घरी येऊन मी हिशेब मांडला. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ, म्हणजे जेमतेम चहाचा एक सपाट चमचा. आम्ही चौघं. म्हणजे १ किलोची पुडी निदान ५० दिवस पुरायला हवी. आमची २५ दिवसांत संपत होती! शिवाय विकतचं लोणचं, पापड, फरसाण यांतलं मीठ या हिशेबात धरलेलंच नाही. वरून घेत नव्हते, कारण आतच भरपूर होतं.

लकव्याचं सगळ्यात मोठं कारण वाढलेलं बीपी, आणि आपण भांडतो कुठलं तेल चांगलं यावर. तेलाचा दोष नाही असं नाही. गाड्यावरच्या काळ्याकुट्ट तेलातली भजी आणि वनस्पती तूप यांची बाजू मी घेणार नाही. पण महागडं तेल आणून त्याच ताटात दोन पापड आणि लोणच्याची फोड वाढायची, याला काय म्हणावं?

आमच्या शेंगाचटणीला मात्र कुणी नावं ठेवायची नाहीत. शेंगदाण्यातलं तेल बहुतेक हृदयाला मानवणारंच, ज्वारीच्या भाकरीत तंतूही भरपूर. आई आता चटणी घरीच कुटते. लसूण-जिरं वाढवलं, मीठ निम्म्यावर आणलं. पहिले आठ दिवस अण्णा ताटाकडे बघून "देवळातला प्रसाद आहे का?" म्हणायचे. परवा एका लग्नात जेवून आले आणि म्हणाले, "आमटी खारट होती." बाकी कुणालाच लागली नव्हती.

चालू पुडीवर ३ तारीख आहे. आज ३९ वा दिवस, आणि पुडीत अजून मूठभर मीठ आहे.